दाणा माणसाचा, कडबा बैलाचा: जालन्याच्या मातीत केवळ वनस्पतींवर जगणे शक्य होते का?

१/
‘आपले पूर्वज शुद्ध शाकाहारी होते’, असे एक बाजू ठामपणे सांगते. ‘केवळ वनस्पतींवर जगणे ही आजच्या सुखवस्तू शहरी लोकांची हौस आहे, पूर्वी ते कोणालाही जमले नसते’, असे दुसरी बाजू तितक्याच ठामपणे म्हणते. जालना जिल्ह्याच्या काळ्या मातीला हा प्रश्न विचारला, तर ती दोघांनाही अर्धेच खरे ठरवते. उरलेल्या अर्ध्याचा शोध या धाग्यात घेतला आहे.

२/
प्रश्न मुळात दुहेरी आहे. ताटात काय होते, हा त्याचा एक भाग. ते ताट भरण्यासाठी शेतात, विहिरीवर आणि गावकुसाबाहेर काय चालत असे, हा दुसरा. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला. त्यांना अभिप्रेत असलेल्या जीवनात मांसाबरोबरच दूध, अंडी, मध, लोकर आणि कातडे यांचाही त्याग होता. या कसोटीवर जुन्या मराठवाड्यातील गाव तपासायचे, तर चुलीपाशी थांबून चालत नाही.

३/
आधी भूमी पाहू. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूरकडील भाग परभणी जिल्ह्यात होता. दक्षिणेस गोदावरी, मध्यभागी दुधना आणि कुंडलिका, उत्तरेस पूर्णा. पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. अशा प्रदेशात भात हे रोजचे अन्न होऊ शकत नाही. येथे ओल टिकवून धरणारी काळी जमीन आहे, आणि त्या ओलीवर उभी राहणारी ज्वारी आहे.

४/
रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, पावसाळा सरताना पेरला जातो आणि पाऊस गेल्यावर मातीत मुरलेल्या पाण्यावर वाढतो. आकाशाकडे न पाहता दाणा देणारे हे पीक या भूमीचा कणा ठरले. पण ज्वारी येथील मूळची नव्हे. ती आणि बाजरी, दोन्ही आफ्रिकेतून आल्या आणि इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात भारतात रुजू लागल्या. मूग, उडीद, कुळीथ आणि तूर ही कडधान्ये मात्र भारतीय भूमीतच माणसाळली. शाळूची भाकरी आणि तुरीचे वरण हे ‘देशी’ ताट मुळात दोन खंडांच्या भेटीतून घडले आहे.

५/
त्याआधीचे शेतकरी काय खात होते? महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन जीवनाचे सर्वांत सविस्तर चित्र जालन्यापासून दूर, पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगावी मिळते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील ही वसाहत. हवामान तसेच कोरडे, माती बहुतांशी तशीच. येथील मुख्य धान्य सातू होते, जोडीला कडधान्ये होती. आणि घराघरांतून गाईबैलांची, शेळ्यामेंढ्यांची आणि हरणांची हाडे सापडली. त्यांतील पुष्कळ हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत.

६/
इनामगावचा शेवटचा टप्पा अधिक बोलका आहे. हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि लोक शिकारीकडे व पशुपालनाकडे अधिक वळले, असे उत्खननकर्त्यांनी मांडले. या भागाच्या इतिहासातील एक सूत्र येथेच दिसते. पाऊस चांगला, तर ताट धान्याचे. पाऊस रुसला, की माणूस जनावरावर विसंबतो, कारण माणसाला न पचणारे गवत आणि झाडपाला खाऊन जनावर जगू शकते.

७/
आता जालना जिल्ह्यातच येऊ. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या नगराचे नाव येते. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात येथे उत्खनन केले. सातवाहनकालीन समृद्ध बाजारपेठ उघडी झाली. जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे मिळाले, त्यांचा अभ्यास झाला. तृणधान्य आणि कडधान्य ही जोडी दोन हजार वर्षांपूर्वीही येथे स्थिरावलेली होती.

८/
याच उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीत पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या प्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्याआधीच दख्खनच्या कारागिरीचा सुगंध समुद्रापार पोहोचला होता. जेवणात धान्य आणि व्यापारात हस्तिदंत. भोगवर्धनच्या माणसाचे जगणे केवळ वनस्पतींवर कधीच नव्हते. हालाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘गाथा सप्तशती’तही तीळ, कापूस आणि तागाची शेते जशी आहेत, तसा व्याध आणि त्याची पत्नीही आहे.

९/
या जुन्या ताटात काय नव्हते, तेही पाहिले पाहिजे. मिरची नव्हती, शेंगदाणा नव्हता, बटाटा, टोमॅटो आणि मका नव्हता. ही सारी अमेरिका खंडाची देणगी, पोर्तुगीज आल्यानंतरची. भुईमूग तर महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पसरला तो एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत. म्हणजे मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी ही ‘पूर्वापार’ जोडी इतिहासाच्या मानाने काल-परवाची आहे. यादवकालीन शेतकऱ्याच्या भाकरीबरोबर तीळ, जवस किंवा कारळ्याची चटणी असे, आणि तिखटाला मिरी किंवा आले.

१०/
मग हे ताट शरीराला पुरेसे होते का? ज्वारीत सुमारे दहा टक्के प्रथिने असतात, पण त्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते. डाळींत नेमके तेच मुबलक असते. भाकरीबरोबर वरण, पिठले किंवा मुगाची आमटी आली, की एकाची उणीव दुसरे भरून काढते. ही रसायनविद्या कोणा पंडिताने शिकवलेली नव्हती. एकाच शेतात ज्वारीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ पेरणाऱ्या हातांनी ती शेकडो वर्षे पाळली. तूर जमिनीत नत्र सोडते, म्हणून तीच जोडी मातीलाही मानवत असे.

११/
स्निग्धांशाची सोय तेलबियांनी केली. करडई, तीळ, जवस, कारळे ही सारी कोरडवाहू पिके. करडई काटेरी असल्याने रब्बी शेताच्या कडेला तिचे कुंपणही होई. घाण्यावर तेल निघे, पेंड जनावरांना जाई. जवसाच्या चटणीतून मिळणारी स्निग्ध आम्ले आज महागड्या गोळ्यांतून विकली जातात. मात्र तो लाकडी घाणा डोळ्यांवर झापड बांधलेला बैल फिरवीत असे. वनस्पतीचे तेलही बैलाच्या फेऱ्यांवाचून निघत नव्हते.

१२/
पावसाळ्यात तरोटा, कुंजीर, घोळ आणि तांदुळजा या पालेभाज्या बांधावर फुकट मिळत. अंबाडीचा पाला भाजीला आणि तिच्या सालीचा वाख दोराला जाई. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला आणि कोवळा हुरडा. उन्हाळ्यासाठी मुगाचे सांडगे, वाळवलेल्या गवारी, वाळवलेली बोरे, चिंच. ताट साधे होते, परंतु बुद्धीने रचलेले होते. सुगी बरी असलेल्या वर्षी, डाळ परवडणाऱ्या घरात, वनस्पतींवर आधारलेले जेवण अगदी व्यवहार्य होते.

१३/
‘डाळ परवडणाऱ्या घरात’ ही अट महत्त्वाची आहे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास एक कोडे हाताळले. उन्हाला उघडी राहणारी त्वचा काळवंडून खरबरीत होणे, अतिसार, मानसिक विकार ही पेलाग्रा या रोगाची लक्षणे जगात इतरत्र मका खाणाऱ्या गरिबांत दिसत. दख्खनच्या पठारावर ती ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांत आढळली. ज्वारीतील ल्यूसिन या घटकाचे आधिक्य शरीराला आवश्यक नायसिन मिळण्यात अडथळा आणते, असा सिद्धांत त्यांनी मांडला. पुढे त्यावर बराच वाद झाला.

१४/
वाद कारणाविषयी होता. रोग कोणाला होतो, हे मात्र स्पष्ट होते. ज्याच्या ताटात ज्वारीशिवाय जवळजवळ काहीच नाही, त्याला. म्हणजे एकाच प्रदेशातील दोन ताटे, दोन्ही वनस्पतींचीच, पण एक समतोल आणि दुसरे रोगाला आमंत्रण देणारे. ‘जुना शाकाहार’ म्हणून ज्याचे कौतुक होते, तो अनेकांच्या वाट्याला निवडीने आलेला नव्हता. मांस परवडत नव्हते, डाळही परवडत नव्हती, म्हणून कोरडी भाकरी आणि मीठ एवढेच उरे.

१५/
आणखी एक अदृश्य दुवा होता, ताकाचा. ब-१२ हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातूनच भरवशाने मिळते. ते शास्त्रज्ञांनी वेगळे काढले १९४८ साली, म्हणजे ‘व्हीगन’ शब्द जन्मल्यानंतर चार वर्षांनी. गावातील गरीब घरात दूध-तूप विकले जाई, पण ताक शेजारीपाजारी मागून आणता येई. ताक विकणे कमीपणाचे मानले जाई. त्या एका वाटीमुळे धान्यावर जगणारी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसे उभी राहिली. अहिंसेचे सर्वांत कठोर नियम पाळणाऱ्या जैन परंपरेनेही कंदमुळे वर्ज्य केली, दूध केले नाही, हे येथे आठवावे.

१६/
सधनांचे आणि राजदरबाराचे ताट याहून फार वेगळे होते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात राजभोजनाचे विस्तृत वर्णन आहे. वडे, पोळ्या, डाळींचे पदार्थ आहेत, आणि मासे, मेंढा, रानडुक्कर यांच्या मांसाचे नाना प्रकारही आहेत. आजचा मराठवाडा त्या राज्याचा भाग होता. जितकी सत्ता वर, तितके मांस अधिक. ‘पूर्वज काय खात’ हा प्रश्न विचारताना कोणाचे पूर्वज, हे आधी विचारावे लागते.

१७/
त्यानंतर शतकभराने याच भूमीत एका वेगळ्या विचाराने पाय रोवले. श्रीचक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने अहिंसा हा आचाराचा पाया मानला. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त स्वामींचा संचार गोदावरीच्या काठांनी, पैठणच्या परिसरात दिसतो. भोकरदन तालुक्यातील जयदेववाडीचे ‘जाळीचा देव’ हे या पंथाचे प्रसिद्ध तीर्थस्थान आजही जालना जिल्ह्यात आहे.

१८/
महानुभाव संन्यासी दारोदार भिक्षा मागून जगत. त्यात इतिहासकाराला एक पुरावा दडलेला दिसतो. भिक्षेकऱ्याला स्वतःचा स्वयंपाक निवडता येत नाही. गावात रोज जे शिजते, तेच त्याच्या झोळीत पडते. अशा जीवनात मांसवर्जनाचे व्रत शतकानुशतके निभावले जाते, ते सामान्य घरातील रोजची चूल मुळात भाकरी-भाजीचीच असेल तरच. वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीमाळेलाही हाच आधार होता. माळकरी झालेल्या कुणब्याला फार मोठा आहारबदल करावा लागत नसे. जत्रेतल्या बोकडाचा आणि सणासुदीच्या मटणाचा तेवढा त्याग करावा लागे.

१९/
येथवर पहिल्या बाजूचा जय झाल्यासारखा वाटतो. आता चुलीपासून उठून शेतात जाऊ. काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते. खोल नांगरटीसाठी जड लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एकट्या कुणब्याकडे नसत, म्हणून सावड आणि इर्जिक. त्यानंतर वखर, मग तिफण, मग कोळपे, शेवटी खळ्यावर मळणी. प्रत्येक पायरीवर बैल. मराठवाड्याच्या देवणी आणि लाल कंधारी या गोवंशांची ख्याती कष्टाळू बैलांसाठीही आहे.

२०/
या भूमीने ज्वारीच का निवडली, याचे उत्तरही येथे मिळते. शाळूचे ताट माणसाहून उंच वाढते. वरचे कणीस माणसाचे, खालचा कडबा बैलाचा. दाण्याइतकीच कडब्याला किंमत असे. पीक एकच, पण त्यावर दोन पोटे भरत, आणि त्यातले एक पोट दुसऱ्यासाठी राबत असे. बैल नसेल तर शाळू नाही, शाळू नसेल तर बैल नाही. धान्याची भाकरी आणि जनावराचे श्रम एकाच ताटाच्या दोन टोकांना बांधलेले होते.

२१/
विहिरीवर तर जनावर मेल्यानंतरही राबत होते. पाणी उपसण्याची मोट कातड्याची असे. बैलजोडी धावेवरून उतरली, की नाडा ताणला जाई आणि चामड्याची सोंडेची मोट भरून वर येई. नाडा अंबाडीसारख्या वाखाचा, म्हणजे वनस्पतीचा. पण पाणी धरणारे पोट बैल-म्हशीच्या कातड्याचे. लोखंडी मोट आणि नंतर इंजिन व विजेचा पंप येईपर्यंत मळ्यातील वांगे, मिरची, ऊस आणि गहू याच कातड्यातून पाणी पीत होते. पायातल्या वाहणा कातड्याच्या, पावसातली घोंगडी लोकरीची. अंगावरचे कापड तेवढे निव्वळ वनस्पतीचे होते, कारण कापूस घरचा होता.

२२/
खताचेही तसेच. शेणखताखेरीज धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवण्याची रीत होती. सुगीनंतर कळप रात्री मोकळ्या रानात मुक्कामी राहत आणि लेंडी-मुताने जमीन सकस करीत. शेतकरी त्याचा मोबदला धान्यात देत असे. धनगराच्या ताटात भाकरी जाई आणि भाकरीच्या मुळाशी मेंढीचे खत जाई. उरलेले शेण सारवणाला आणि गोवऱ्यांना. ज्या आगीवर ती शाकाहारी भाकरी भाजली जाई, ती आगही बहुतेकदा शेणाची असे.

२३/
आता या कहाणीतील सर्वांत अवघड प्रश्न. बैल म्हातारा होतो, मरतो. त्याचे पुढे काय? गावगाड्याने त्याचे उत्तर जातीत शोधले. मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांवर लादलेले काम. कातडे कमावणे ढोरांचे, त्याच्या वस्तू शिवणे चांभारांचे, दोर वळणे मांगांचे. त्याच कातड्याच्या मोटेचे पाणी गावाच्या मळ्याला चाले. ते कातडे सोलणारा हात मात्र त्या विहिरीला शिवू शकत नसे.

२४/
कामाच्या मोबदल्यात धान्याचा तुटपुंजा वाटा आणि मृत जनावराचे मांस मिळे. ज्या घरात डाळ दुर्मीळ, त्या घरासाठी ते मांस प्रथिनांचा आधार होते. त्याच्या पट्ट्या वाळवून ‘चान्या’ करून ठेवत, अडीअडचणीला त्या कामी येत. शाहू पाटोळे यांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने मराठवाड्यातील या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. पाकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तिला तोवर जागाच मिळाली नव्हती.

२५/
मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे आणि मेलेली ढोरे ओढण्याचे काम टाकण्याचे आवाहन केले. त्यामागे आहारशास्त्र नव्हते, आत्मसन्मान होता. लोकांनी ते ऐकले. जेथे त्यांनी हे काम नाकारले, तेथे अनेक गावांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्यांनी मांस खाण्यावरून त्यांना हीन ठरवले, तेच लोक ते काम सोडल्यावर चिडले. या विसंगतीत गावाच्या शुद्ध ताटाचे सारे अर्थशास्त्र उघडे पडते. ते ताट शुद्ध राहावे म्हणून दुसऱ्या कोणाला तरी ‘अशुद्ध’ राहणे भाग पाडले गेले होते.

२६/
दुष्काळ ही या व्यवस्थेची खरी परीक्षा. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन आणि गुजरात होरपळले. तेव्हा हा प्रदेश निजामशाहीच्या अखेरच्या लढायांचे रणांगण होता. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेले समर्थ रामदास त्या वेळी नाशिकजवळ टाकळीला तपश्चर्या करीत होते. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने नोंदवले आहे, की बकऱ्याच्या नावाखाली कुत्र्याचे मांस विकले गेले, मेलेल्यांची हाडे दळून पिठात मिसळली गेली, आणि अखेर माणसे माणसांना खाऊ लागली.

२७/
अशा काळी कडबा संपे आणि आधी जनावरे मरत. पुढच्या वर्षी पाऊस आला, तरी नांगराला बैल नसे, म्हणून एका वर्षाचा दुष्काळ दोन-तीन वर्षांचा होई. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात आणि १८९९-१९०० मध्ये हेच घडले. दुष्काळी वर्षांत कातड्यांची निर्यात वाढत असे, हे व्यापाराचे आकडे सांगतात. शाकाहार-मांसाहार हा भेद अशा वेळी कोणाच्याच घरात उरत नसे. जगण्यासाठी रानातील कंद, तरोट्याच्या बिया, गवताचे दाणे, जे मिळेल ते अन्न होते.

२८/
१९७२ चा दुष्काळ अजून जिवंत माणसांच्या आठवणीत आहे. तेव्हा परदेशातून आलेल्या लाल ‘मिलो’ ज्वारीच्या भाकरी मराठवाड्याने नाइलाजाने गिळल्या. खडी फोडणाऱ्या मजुरांना आणि मुलांना सुकडी वाटली गेली. धान्य आगबोटींनी आणता आले, म्हणून माणसे वाचली. चाऱ्याचे मात्र तसे झाले नाही. दावणीची जनावरे मातीमोल भावाने विकली गेली, कित्येक मेली.

२९/
त्याच सुमारास बदल सुरू झाला होता. १९६४ साली देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली, आणि जालना बियाण्यांची राजधानी बनले. संकरित ज्वारीने दाणा वाढवला, पण तिचे ताट बुटके. कडबा घटला. जोडीला विजेचे पंप आले, रासायनिक खते आली, नंतर ट्रॅक्टर आले. हजारो वर्षांत प्रथमच या मातीतील शेती बैलावाचून होण्याची शक्यता निर्माण झाली.

३०/
आता दोन्ही दाव्यांचा निवाडा करता येतो. केवळ वनस्पतींचे ताट या भागात वर्षातील बहुतेक दिवस बहुतेकांच्या वाट्याला येत असे. डाळ आणि ताक जोडीला असतील, तर ते उत्तमही होते. केवळ वनस्पतींवरचे जगणे मात्र कोणालाच शक्य नव्हते. नांगर, मोट, घाणा, खत, वाहणा आणि चूल या सर्वांत जनावर होते, आणि त्या जनावराच्या मरणाचा भार एका समाजावर टाकलेला होता. आज ते जगणे शक्य वाटते, ते इंजिन, कारखान्यातील खत आणि ब-१२ च्या गोळीमुळे. त्याचे श्रेय पूर्वजांच्या सात्त्विकतेला देणे चूक, आणि पूर्वीच्या धान्यजीवी माणसांचे कसब नाकारणेही चूकच.

३१/
पोळ्याच्या आदल्या दिवशी जालन्याच्या खेड्यांत आजही खांदेमळणी होते. जुवाने घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुरणपोळीचा घास देतात. आपल्या भाकरीत कोणाचा खांदा आहे, हे शेतकरी विसरलेला नव्हता. त्याच मेलेल्या बैलाला ओढून नेणाऱ्या खांद्यांना मात्र गावाने कधी हळद लावली नाही. पूर्वजांच्या ताटाविषयी बोलताना निदान आपण तरी ते दोन्ही खांदे आठवावेत.